इंकबर्ड आयटीसी-३०८: लेपर्ड गेकोची अंडी उबवताना तीन हंगाम वापरलेला तापमान नियंत्रक

लेपर्ड गेको या पालीच्या जातीची घरी पैदास करू पाहणाऱ्याला दुकानात काचपेट्या, नकली कपारी, रंगीत दिवे आणि तऱ्हेतऱ्हेची वाळू असे बरेच काही दाखवले जाते. परंतु अंड्यातून पिल्लू निघणार की नाही, आणि निघाले तर ते नर असेल की मादी, हे ज्या एका वस्तूवर ठरते ती बहुधा मागच्या फळीवर खोक्यात पडून असते. ती वस्तू म्हणजे तापमान नियंत्रक, ज्याला आपण सगळे थर्मोस्टॅट म्हणतो. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, माझ्याकडे एक नर आणि दोन माद्या आहेत, आणि २०२३ पासून सलग तीन हंगाम मी अंडी उबवण्यासाठी इंकबर्ड कंपनीचा आयटीसी-३०८ हा नियंत्रक वापरत आहे. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे. कंपनीशी माझा कोणताही संबंध नाही आणि वस्तू मी स्वतःच्या पैशाने घेतलेली आहे.

यंत्राकडे वळण्याआधी प्राण्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय या यंत्राकडून नेमके काय हवे ते कळणार नाही. लेपर्ड गेको, म्हणजे युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस, आपल्याला परका नाही. एडवर्ड ब्लाइथने १८५४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पंजाबातल्या, आज पाकिस्तानात असलेल्या, सॉल्ट रेंज या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून. त्याचा भाऊबंद युब्लेफॅरिस फस्कस आपल्या महाराष्ट्रातल्या खडकाळ माळांवर राहतो, आणि सातपुड्याचे नाव लाभलेली युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस ही जात २०१४ मध्ये शास्त्रात नोंदली गेली. भिंतीवरच्या पालीपेक्षा हा प्राणी बराच वेगळा असतो. त्याला हलत्या पापण्या असतात, बोटांना चिकटपट्ट्या नसल्यामुळे काचेवर चढता येत नाही, आणि जाड शेपटीत तो चरबी साठवून ठेवतो. इथे पाळले जाणारे बहुतेक सगळे गेको पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढलेल्या प्राण्यांचे वंशज आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकांना मात्र माझी कळकळीची विनंती आहे की माळावरचा प्राणी उचलून घरी आणू नये, कोणी विकायला आणला तर घेऊ नये, आणि परदेशी जातीचा प्राणी पाळण्याचा विचार असेल तर आधी वनखात्याकडून नियमांची खात्री करून घ्यावी.

मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते आणि एका हंगामात अशा अनेक जोड्या देते. अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते. ते ओल्या चामड्यासारखे लवचीक आणि किंचित खरखरीत असते. पिल्लाचे लिंग गर्भधारणेच्या वेळी ठरलेले नसते, ते उबवणीच्या तापमानावर ठरते. २६ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेल्या अंड्यांतून जवळजवळ सगळ्या माद्या निघतात, ३२ ते ३३ अंशांच्या दरम्यान बहुतेक नर निघतात, आणि ३४-३५ अंशांकडे गेल्यावर पुन्हा माद्यांचे प्रमाण वाढते. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्यावर दीर्घकाळ काम केले, आणि उबवणीच्या तापमानाचा परिणाम पुढे प्रौढ गेकोच्या वागण्यातही दिसतो, जास्त तापमानाला उबलेल्या माद्या अधिक आक्रमक होतात, असे दाखवून दिले. दोन अंशांची चूक म्हणजे ‘थोडे इकडे तिकडे’ नव्हे, हे एकदा समजले की नियंत्रक निवडताना माणूस खडबडून जागा होतो.

मी मात्र हे उशिरा समजले. २०२२ मध्ये माझ्याकडे एक तयार उबवणी यंत्र होते. त्याच्या कंपनीचे नाव मी इथे घेत नाही, कारण माझी तक्रार त्या कंपनीपेक्षा त्या प्रकारच्या यंत्राबद्दल आहे. ते यंत्र फक्त ऊब देऊ शकत होते, गारवा देण्याची त्यात सोयच नव्हती, आणि विकत घेताना मला ती उणीव जाणवलीही नाही. थंड देशात अंड्यांना ऊब कमी पडेल एवढीच काळजी मला होती. त्या वर्षीच्या जुलैत ब्रिटनमध्ये तापमान पहिल्यांदाच ४० अंशांच्या पलीकडे गेले. १९ जुलैला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. आमची गेकोंची खोली वरच्या मजल्यावर, छपराला लागून आहे. यंत्रावर २७ अंश लावलेले होते, आणि पडद्यावरचा आकडा ३३, ३४, ३६ असा चढत गेला. यंत्राने स्वतःची उष्णता केव्हाच बंद केली होती, परंतु खोलीच तापलेली असताना त्या बिचाऱ्या डब्याने तरी काय करावे? मी अंड्यांचा डबा उचलून खाली स्वयंपाकघरातल्या फरशीवर नेला, ओली फडकी गुंडाळली, आणि रात्रभर दर तासाला उठून पाहत राहिले. सहापैकी चार अंडी पुढच्या आठवड्याभरात पिवळी पडून बसली आणि त्यांवर बुरशी चढली. ती टाकून देताना मला फार वाईट वाटले, कारण माद्यांनी आपले काम चोख केले होते आणि कमी पडले ते माझे नियोजन.

आयटीसी-३०८ घेण्याचे पहिले कारण यातच आहे. या नियंत्रकाला दोन स्वतंत्र प्लग बसतात, एक गरम करणाऱ्या उपकरणासाठी आणि एक थंड करणाऱ्यासाठी. वर दोन आकडे दिसतात: एक प्रत्यक्ष तापमानाचा आणि दुसरा आपण ठरवलेल्या तापमानाचा. एका लांब वायरीच्या टोकाला संवेदक, म्हणजे प्रोब, असतो. नियंत्रक स्वतः ऊबही देत नाही आणि गारवाही देत नाही. प्रोबने सांगितलेले तापमान पाहून दोहोंपैकी योग्य तो प्लग चालू किंवा बंद करणे एवढेच त्याचे काम आहे. बीअर आंबवणाऱ्यांपासून रोपे वाढवणाऱ्यांपर्यंत अनेकांच्या घरी तो दिसतो. मला तो ३५ पौंडांच्या आसपास मिळाला.

खोक्यातून काढून लगेच प्लगमध्ये लावला आणि २७ आकडा भरला, असे मात्र कोणी करू नये. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फरकाची मर्यादा ही आहे. पडद्यावर ती ऊबेसाठी एचडी आणि गारव्यासाठी सीडी या अक्षरांनी येते. कारखान्यातून येताना ही मर्यादा २ अंशांवर असते. म्हणजे तुम्ही २७ ठरवले, तर तापमान २५ पर्यंत उतरेपर्यंत ऊब सुरूच होत नाही, आणि २९ पर्यंत चढेपर्यंत गारवा सुरू होत नाही. घरगुती फ्रिजसाठी हे ठीक असेल. आपल्या अंड्यांसाठी नाही. मी दोन्ही मर्यादा अर्ध्या अंशावर आणल्या. त्यानंतर ऊब २६.५ ला सुरू होते आणि २७ ला थांबते, गारवा २७.५ ला सुरू होतो आणि २७ ला थांबतो. मर्यादा याहूनही खाली आणता येते, परंतु मग प्लग सतत चालू-बंद होत राहतो, आणि आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा खटका, व जोडलेले उपकरण दोन्ही लवकर झिजतात. माझ्या मते अर्धा अंश हा समंजस आकडा आहे.

दुसरी बाब इशाऱ्याची. एएच आणि एएल या दोन अक्षरांखाली वरची आणि खालची मर्यादा भरता येते आणि ती ओलांडली की यंत्र वाजू लागते. आल्या आल्या या मर्यादा इतक्या लांबच्या असतात की अंड्यांच्या दृष्टीने त्या नसल्यासारख्याच आहेत. मी वरची २९ आणि खालची २४ ठेवते. प्रोबची वायर तुटली किंवा जोड निसटला तर यंत्र दोन्ही प्लग बंद करून वाजत राहते, ही सोय मला फार मोलाची वाटते. काही स्वस्त नियंत्रक अशा वेळी तापमान कमी असल्याचे समजून ऊब चालूच ठेवतात.

तिसरी बाब पडताळणीची. कंपनीने अचूकतेत एका अंशापर्यंत इकडेतिकडे होऊ शकेल असे आधीच सांगितलेले आहे, आणि या किमतीच्या वस्तूकडून त्याहून जास्त अपेक्षा करणे रास्त नाही. म्हणून आकडा दिसला की तो खरा मानण्याऐवजी मी एक साधा उपाय करते. एका फुलपात्रात अंगाला सोसेल असे कोमट पाणी घेते, प्रोब पातळ पिशवीत गुंडाळून त्यात सोडते, शेजारी घरातला ताप मोजायचा थर्मामीटर धरते, पाणी चमच्याने हलवत राहते आणि दोन्ही आकडे स्थिर झाले की त्यांची तुलना करते. जो फरक येतो तो सीए या सोयीत भरला की यंत्र पुढे तेवढे कमी-जास्त धरून आकडा दाखवते. ताप मोजायचा थर्मामीटर ३५ ते ४० अंशांच्या पट्ट्यात चांगला नेमका असतो, म्हणून हे पाणी त्या पट्ट्यातच असायला हवे. दर हंगामाच्या सुरुवातीला मी हे न चुकता करते.

उबवणीची पेटी मी जुन्या छोट्या वाइन कूलरची केलेली आहे. काचेचे दार, आतून चांगले आवरण, आणि आकार आपल्या देव्हाऱ्याएवढा. आतल्या मागच्या भिंतीला ७ वॅटची हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, चिकटवली आहे, ती नियंत्रकाच्या ऊबेच्या प्लगला जोडलेली आहे, आणि कूलर स्वतः गारव्याच्या प्लगला. तळाशी पाण्याने भरलेल्या चार बाटल्या ठेवल्या आहेत. पाणी लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही, त्यामुळे दार उघडले तरी तापमान एकदम घसरत नाही. असा कूलर निवडताना तो जुन्या पद्धतीच्या फिरत्या बटणाचा असावा. ज्याला स्पर्शाची बटणे आणि स्वतःचा पडदा असतो तो वीज तुटून परत आली की बंदच राहतो, आणि मग नियंत्रकाने प्लग कितीही वेळा चालू केला तरी गारवा येत नाही. नियंत्रक स्वतः मात्र वीज गेली तरी आपल्या सगळ्या मर्यादा लक्षात ठेवतो.

हीट मॅट जाणूनबुजून अशक्त निवडली आहे, आणि ही गोष्ट मी प्रत्येक नवीन माणसाला आवर्जून सांगते. कोणत्याही चालू-बंद नियंत्रकातला रिले कधीतरी चालू अवस्थेत अडकू शकतो. तसे झाले तर मॅट दिवसरात्र तापत राहील. म्हणून अंडी ठेवण्याआधी मी ही मॅट नियंत्रकाशिवाय, थेट भिंतीतल्या प्लगला लावून दोन दिवस सलग चालवली. खोली २० अंशांना असताना पेटी ३२ च्या पुढे गेली नाही. याचा अर्थ सगळ्यात वाईट प्रसंगी माझी पिल्ले माद्यांऐवजी नर होतील, पण जिवंत राहतील. हीच मॅट २० वॅटची असती तर तीच पेटी अंडी शिजवणारी झाली असती.

प्रोब कुठे ठेवायचा याबद्दल मतभेद आहेत. मी तो अंड्यांच्या डब्याच्या आत न ठेवता दोन डब्यांच्या मधल्या हवेत, अंड्यांच्याच उंचीवर, धाग्याने टांगून ठेवते. डब्यातल्या ओलसर मिश्रणात ठेवला तर प्रोबला बदल फार उशिरा कळतो, तोवर मॅट जास्त तापून जाते आणि तापमान झोके घेत राहते. हवेत टांगलेल्या प्रोबला बदल लगेच कळतो. हवा अर्धा अंश वर-खाली होत राहते, परंतु डब्यातल्या वेगळ्या थर्मामीटरचा आकडा जवळजवळ हलत नाही. अंडी हवेत नसतात, डब्यात असतात, आणि आपल्याला डब्याचा आकडा स्थिर हवा आहे.

डब्यात मी व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारे हलके खनिज, घालते, त्याच्याच वजनाइतके पाणी मिसळते, आणि मूठ दाबली तर थेंब न पडता फक्त गोळा व्हावा इतपत ओल ठेवते. मादीने अंडी घातली की त्यांच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने एक ठिपका करायचा आणि ठिपका वरच राहील अशी ती अर्धी रुतवून ठेवायची. गेल्या वर्षी माझी आई साताऱ्याहून इथे आली होती. तिने आयुष्यभर खुडूक कोंबड्या बसवल्या आहेत, पेंढा घातलेल्या टोपलीत अंडी मांडली आहेत, आणि अंड्यांवर कोळशाची खूण करणेही तिला ठाऊक आहे. पालीची अंडी घरात जपून ठेवायची ही कल्पना तिला पहिले दोन दिवस मानवली नाही, पण तिसऱ्या दिवशी ती स्वतःच पेटीजवळ येऊन बसली आणि सवयीने अंडे फिरवायला तिने हात पुढे केला. मी तिचा हात धरला. “अगं, एकाच कुशीवर राहिलं तर आत चिकटेल ना ते,” ती म्हणाली. “आई, हे चिकटलेलंच राहायला हवं,” मी म्हटले. कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा उलटीपालटी करते. गेकोच्या अंड्यातला गर्भ घातल्यानंतर पहिल्या दिवसाभरातच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, आणि नंतर अंडे उलटे झाले तर तो दगावू शकतो. मग मी दिवा विझवला, मोबाइलची बत्ती अंड्याखाली धरली, आणि आतली लालसर शिरांची जाळी आईला दाखवली. “कोंबडीच्यात पण अस्संच दिसतं,” ती हळूच म्हणाली, आणि तिथून पुढे रोज सकाळी चहाच्या आधी पडद्यावरचा आकडा वाचून मला सांगणे हे तिने आपले काम मानले.

२७ अंशांवर माझी अंडी दोन महिन्यांच्या आसपास फुटतात. ३२ अंशांवर हाच काळ दीड महिन्याच्या जवळ येतो. फुटण्याआधी एक-दोन दिवस कवचाला घाम आल्यासारखे थेंब सुटतात आणि अंडे किंचित बसते. अनोळखी माणसाच्या मनात तेव्हा नक्की शंकेची पाल चुकचुकते, पण त्या वेळी डबा उघडून अंड्याला मदत करायला जाऊ नये. पिल्लू कवचाला आपणच चिरा पाडते, थोडे डोके बाहेर काढून तासन्‌तास विसावते आणि मग निघते. अंगावर काळे-पिवळे पट्टे, वजन जेमतेम तीन ग्रॅम. पहिली कात टाकेपर्यंत ते काही खात नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी रातकिड्यांची पुडी घेऊन धावण्याची गरज नसते. नियंत्रक आल्यानंतरच्या पहिल्या हंगामात मी ठेवलेल्या १४ अंड्यांपैकी ११ फुटली. उरलेल्या तिनांत सुरुवातीपासूनच शिरा दिसल्या नव्हत्या, म्हणजे ती फळलेलीच नव्हती.

आता मर्यादा. हा चालू-बंद प्रकारचा नियंत्रक आहे. हीट मॅट, उष्णतेची केबल, छोटा कूलर यांच्यासाठी तो उत्तम आहे, परंतु प्रौढ गेकोच्या पेटीत वरून उष्णता देणारा दिवा लावायचा असेल तर तो वापरू नये. दिवा सारखा लागत आणि विझत राहील, प्राणी बावरेल आणि दिवाही लवकर जाईल. त्या कामासाठी उजेड हळूहळू कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅट वेगळा मिळतो आणि तोच घ्यावा. या साध्या आवृत्तीचा इशारा फक्त घरात ऐकू येतो. दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी वायफाय असलेली आवृत्ती पाहावी. आणि यंत्र थंड-गरम दोन्ही बाजूंनी चालवायचे नसेल, नुसत्या एका मॅटसाठी हवे असेल, तर याहून स्वस्त पर्याय पुरतो.

यंत्राच्या परीक्षणात शोभणार नाही तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तापमान हातात आले की अंडी फुटतात, आणि फुटलेली पिल्ले पंधरा-वीस वर्षे जगतात. इंग्लंडमध्ये प्राणी विकण्याचा व्यवसाय करायचा तर नगरपालिकेचा परवाना लागतो आणि सोळा वर्षांखालील मुलाला प्राणी विकता येत नाही. पण कायद्यापलीकडेही प्रत्येक पिल्लासाठी चांगले घर आधी ठरलेले असावे. एनिग्मासारख्या काही रंगप्रकारांत तोल जाणे, गोल फिरत राहणे असे मज्जासंस्थेचे विकार आढळतात, आणि केवळ रंगासाठी अशी जोडी जुळवणे मला मान्य नाही. मी एका मादीला एका हंगामात अंड्यांच्या तीन जोड्यांनंतर नरापासून वेगळी ठेवते. एकदा मिलन झाले की साठवलेल्या शुक्राणूंमुळे ती तरीही आणखी अंडी घालू शकते. त्यातली जी सांभाळणे शक्य नाही ती मी पहिल्याच दिवशी गोठवून टाकते.

घ्यायचा विचार असेल तर हंगामाच्या किमान महिनाभर आधी घ्यावा. फरकाची मर्यादा आणि इशारे भरून, फुलपात्रातली पडताळणी करून, पेटीत रिकामे डबे मांडून तो आठवडाभर चालवावा, आणि सकाळ, दुपार, रात्र असे आकडे वहीत लिहावेत. माझ्या वहीत या वर्षीच्या रिकाम्या आठवड्यातला सगळ्यात खालचा आकडा २६.४ आहे आणि सगळ्यात वरचा २७.६. पहिल्या दोन अंड्यांचा डबा त्यानंतर आत गेला.